हंगेरी, १९४४ : हरत चाललेल्या युद्धात ज्यूंचे हत्याकांड कशासाठी? एक प्रकरण अभ्यास

२० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनच्या वान्झे भागातील तळ्याकाठच्या एका बंगल्यात नाझी राजवटीतील पंधरा वरिष्ठ अधिकाऱ्यांची बैठक झाली. या बैठकीच्या इतिवृत्तात युरोपातील ज्यूंची देशवार यादी दिलेली असून तिची बेरीज एक कोटी दहा लाखांवर जाते. त्या यादीत हंगेरीपुढे ७,४२,८०० हा आकडा आहे, तटस्थ असलेल्या आयर्लंडपुढे ४,००० आणि अल्बानियापुढे फक्त २००. अर्धे जग युद्धात गुंतलेले असताना अल्बानियातील दोनशे माणसे मोजावीत, त्यांची सरकारी कागदावर नोंद करावी आणि त्यांचीही ‘विल्हेवाट’ योजनेत धरावी, हे त्या राजवटीला आवश्यक वाटले. हिटलरच्या राजवटीने ज्यूंना का मारले, या प्रश्नाचे कोणतेही उत्तर या दोनशेंना लागू पडते की नाही, हे सर्वांत आधी तपासून पाहिले पाहिजे.

आपल्याकडे या प्रश्नाला सहसा तीन उत्तरे मिळतात. ज्यू श्रीमंत होते आणि त्यांच्या संपत्तीवर डोळा होता, हे पहिले. पहिल्या महायुद्धातील पराभवाचे आणि महागाईचे खापर फोडायला कोणाचे तरी डोके हवे होते, हे दुसरे. हिटलर माथेफिरू होता, हे तिसरे. तिन्ही उत्तरांत थोडेफार तथ्य आहे, आणि नेमके त्यामुळेच ती पुरेशी वाटतात व पुढचा विचार थांबतो. ती घासून पाहण्यासाठी १९४४च्या वसंतातील हंगेरी हे प्रकरण मला सर्वांत योग्य वाटते. तोपर्यंत जर्मनीत निवडणुकांचा विषय संपलेला होता, त्यामुळे मते मिळवण्यासाठी बळीचा बकरा शोधण्याची गरज उरली नव्हती. युद्धाचे पारडे उघड फिरले होते. अशा वेळी आठ आठवड्यांत एका देशातून चार लाखांहून अधिक माणसे गाड्यांत कोंबून मारायला नेली गेली. ज्याचे घर जळत आहे त्याने आग विझवायची सोडून शेजारच्या वाड्यात कोणाला तरी शोधत फिरावे, असा हा प्रकार वरकरणी दिसतो. त्यामागे एक तर्क होता, आणि तो तर्क समजून घेणे हा या अभ्यासाचा विषय आहे.

१९१८चे भूत

हिटलरचा ज्यूद्वेष सत्तेवर आल्यानंतर सुचलेला नव्हता. सप्टेंबर १९१९मध्ये, म्हणजे तो म्युनिकमध्ये सैन्याच्या प्रचारकार्यात असलेला एक अनामिक सैनिक होता तेव्हा, त्याने एका पत्रात लिहिले होते की भावनेच्या भरात होणाऱ्या दंगलींनी काही साधणार नाही. ज्यूंचे हक्क कायद्याने पद्धतशीरपणे काढून घ्यावेत आणि अंतिम उद्दिष्ट त्यांना पूर्णपणे हटवणे हेच असावे. ‘हटवणे’ याचा अर्थ त्या वेळी हत्या असाच होता, असे म्हणता येत नाही. तो अर्थ पुढच्या बावीस वर्षांत टप्प्याटप्प्याने गडद होत गेला.

या विचाराच्या मुळाशी नोव्हेंबर १९१८ होता. आघाडीवर जर्मन सैन्य लढत असताना मागे देशात संप आणि बंड घडवून ज्यूंनी व समाजवाद्यांनी पाठीत खंजीर खुपसला, ही कथा उजव्या गटांनी पसरवली होती. वस्तुस्थिती अशी की सुमारे एक लाख जर्मन ज्यू कैसरच्या सैन्यात होते आणि त्यांतील १२,००० युद्धात कामी आले. १९३३मध्ये जर्मनीत ज्यूंची संख्या पाच लाखांच्या आसपास, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी होती. पण या कथेला आकड्यांची अडचण कधीच झाली नाही, कारण तिच्यात ज्यू हा अदृश्य सूत्रधार होता. मॉस्कोतील बोल्शेविक आणि न्यूयॉर्कमधील बँकवाले परस्परांचे शत्रू दिसत असले तरी दोघांच्याही पाठीशी एकच हात आहे, असे ती सांगत असे. परस्परविरोधी पुराव्यांनीही डळमळत नाही, अशा समजुतीपुढे आकडेवारी दुबळी ठरते.

अलिबाग-पेणच्या बाजूला घाणा चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले जाणारे आणि घरात मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू ज्यांनी पाहिले किंवा ऐकले आहेत, त्या मराठी वाचकाला हा द्वेष मुळात उमजणे कठीण जाते. युरोपात त्याला शतकानुशतकांचा ख्रिस्ती धार्मिक ज्यूविरोधाचा आधार होता, हे खरे. पण जुन्या धार्मिक द्वेषात सुटकेची एक वाट असे. बाप्तिस्मा घेतला की माणूस निदान तत्त्वतः आपला होई. नाझींनी ती वाट बुजवली. १९३५च्या न्यूरेम्बर्ग कायद्यांनी ज्यू कोण हे आजी-आजोबांवरून ठरवले. चर्चमध्ये जाणारा, जर्मन कविता पाठ असलेला, छातीवर युद्धपदक मिरवणारा माणूसही आजोबांच्या धर्मामुळे ज्यू ठरला. दोष रक्तातच आहे असे एकदा मानले की माणसाने धर्म, देश, विचार काहीही बदलले तरी उपयोग नसतो, आणि तान्हे मूलही शत्रूंतच जमा होते.

३० जानेवारी १९३९ रोजी संसदेत हिटलरने उघड बजावले होते की आंतरराष्ट्रीय ज्यू धनिकांनी राष्ट्रांना पुन्हा महायुद्धात लोटले, तर त्याचा परिणाम युरोपातील ज्यू वंशाचा नाश हा असेल. हे ‘भाकीत’ तो पुढे वारंवार उद्धृत करत राहिला. जून १९४१मध्ये सोव्हिएत संघावर स्वारी झाल्यावर फिरत्या पथकांनी गावोगाव ज्यूंना खंदकांच्या कडेला उभे करून गोळ्या घालायला सुरुवात केली. त्यानंतर व्याप्त पोलंडमधील केंद्रांत विषवायूने हत्या होऊ लागली. १९४३ संपेपर्यंत नाझींच्या टाचेखालील बहुतेक ज्यू समाज नष्ट झालेले होते. एक मोठा समाज मात्र जवळजवळ शाबूत राहिला होता, तो हंगेरीतला.

हंगेरी : द्वेष होता, मृत्यूछावणी नव्हती

हंगेरीतील ज्यू सुरक्षित होते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. १९१९मध्ये बेला कुन याच्या नेतृत्वाखाली तेथे काही महिने साम्यवादी राजवट आली. तिच्या पुढाऱ्यांत ज्यू कुटुंबांत जन्मलेले अनेक जण होते, आणि ती कोसळल्यावर ‘ज्यू म्हणजे बोल्शेविक’ हे समीकरण घट्ट झाले. १९२०च्या त्रिआनों तहाने देशाचा दोन तृतीयांश भूभाग गेला, आणि त्याच वर्षी विद्यापीठप्रवेशात ज्यूंची संख्या मर्यादित करणारा कायदा झाला. १९३८, १९३९ आणि १९४१ साली आणखी तीन कायदे आले. पहिल्या दोहोंनी व्यवसाय व नोकऱ्यांतील ज्यूंचे प्रमाण आधी २० टक्क्यांवर आणि मग ६ टक्क्यांवर आणले, तर तिसऱ्याने ज्यू आणि बिगरज्यू यांच्यातील विवाहच बेकायदा ठरवले. ज्यू तरुणांना हत्यार न देता सैन्याच्या श्रमपथकांत भरती केले जाई आणि त्यांतील हजारो जण रशियन आघाडीवर थंडीने, उपासमारीने व स्वतःच्याच अधिकाऱ्यांच्या क्रौर्याने मेले. ऑगस्ट १९४१मध्ये हंगेरीने ‘परकीय’ ठरवून सीमेपार हाकललेल्या ज्यूंना जर्मनांनी कामेनेत्स-पोदोल्स्क येथे गोळ्या घातल्या. तेथे मारल्या गेलेल्या २३,६०० ज्यूंमध्ये बहुसंख्या या हाकललेल्यांचीच होती.

तरीही देशाचा प्रमुख, नौसेनापती मिक्लोश होर्ती, आपल्या ज्यूंना जर्मनीच्या हवाली करायला तयार नव्हता. तो ज्यूंचा मित्र मुळीच नव्हता. १९४०च्या एका पत्रात त्याने पंतप्रधानाला लिहिले होते की आपण आयुष्यभर ज्यूविरोधी राहिलो आहोत. परंतु सगळे काही ज्यांच्या हाती आहे, त्यांना एक-दोन वर्षांत काढून त्यांच्या जागी नालायक माणसे बसवली, तर देशाचे दिवाळे निघेल. द्वेष आणि हत्या यांच्यातील अंतर मोजायचे असेल, तर होर्तीसारखा नमुना नाही. एप्रिल १९४३मध्ये ऑस्ट्रियातील क्लेसहाइम येथे हिटलरने त्याला बोलावून घेतले. त्या भेटीच्या जर्मन नोंदींनुसार होर्तीने विचारले की ज्यूंच्या उपजीविकेची जवळजवळ सर्व साधने आपण काढून घेतली आहेत. आता त्यांना मारून तर टाकता येत नाही, मग आणखी काय करायचे? परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉपने उत्तर दिले की एकतर त्यांना नष्ट करावे किंवा छळछावण्यांत टाकावे. हिटलरने त्यांना क्षयाच्या जंतूंची उपमा दिली. निरोगी शरीरालाही ज्याची लागण होऊ शकते, त्या जंतूवर दया कशाला, असा त्याचा युक्तिवाद होता.

होर्तीचा प्रश्न राजकारण्याचा होता आणि त्यात फायद्यातोट्याचा हिशेब होता. हिटलरच्या उत्तरात मात्र हिशेबाला जागा नव्हती, कारण जंतूशी सौदा होत नसतो. या प्रकरणाचा सारा पीळ या दोन भाषांच्या फरकात आहे.

आठ आठवडे

हंगेरी गुपचूप ब्रिटिश-अमेरिकनांशी तहाची बोलणी करत असल्याचे जर्मनीला कळले होते. १९ मार्च १९४४ रोजी जर्मन सैन्य देशात शिरले. त्या स्वारीमागे लष्करी कारणे होतीच. आघाडी जवळ येत होती, हंगेरीचे धान्य आणि तेल जर्मनीला हवे होते. पण सैन्याच्या पाठोपाठ ज्यूंच्या हद्दपारीचे काम पाहणारा नाझी अधिकारी आडोल्फ आइशमान आपले पथक घेऊन बुडापेस्टमध्ये दाखल झाला. त्याच्याजवळ दोनशेही माणसे नव्हती, आणि वंशाच्या व्याख्येनुसार ज्यू ठरणारे हंगेरीत साडेसात लाखांच्या घरात होते. एवढ्या तुटपुंज्या पथकाला हे काम एकट्याने झेपणे शक्यच नव्हते.

ते केले हंगेरियन प्रशासनाने. जर्मनीने नव्या पंतप्रधानपदी दोमे स्तोयाई याला बसवले आणि गृहखात्यात लास्लो एन्द्रे व लास्लो बाकी हे दोन कडवे ज्यूद्वेष्टे सचिव म्हणून आले. ५ एप्रिलपासून ज्यूंना पिवळा तारा कपड्यावर शिवावा लागला. ७ एप्रिलला बाकीच्या सहीचे एक गोपनीय परिपत्रक निघाले. सरकार देश लवकरच ज्यूमुक्त करणार आहे, असे त्यात म्हटले होते आणि प्रत्येकाने सोबत काय न्यावे याची यादी दिली होती : अंगावरचे कपडे, अंतर्वस्त्रांचे जास्तीत जास्त दोन जोड, माणशी चौदा दिवस पुरेल इतके अन्न, आणि अंथरूण-पांघरुणासह कमाल ५० किलो सामान. पैसे, दागिने व मौल्यवान वस्तू नेण्यास मनाई होती. हे परिपत्रक वाचताना बदलीच्या किंवा धरणग्रस्तांच्या स्थलांतराच्या आदेशाची आठवण व्हावी, इतकी त्याची भाषा कोरडी आहे. त्याची अंमलबजावणी ज्यांनी केली, त्या तहसीलदार-दर्जाच्या अधिकाऱ्यांना, शिक्षकांना, कारकुनांना आणि सुईणींना आपण नेहमीचे सरकारी काम करत आहोत असे वाटण्याची पुरेशी सोय त्या भाषेत होती. सुईणींचा उल्लेख येथे मुद्दाम केला. दागिने लपवले असतील म्हणून स्त्रियांची अंगझडती घेण्यासाठी त्यांना बोलावले जात असे.

देशाचे सहा विभाग पाडले गेले. १६ एप्रिलपासून ईशान्येकडील कार्पेथियन रुथेनिया भागात ज्यूंना घरांतून काढून वीटभट्ट्यांच्या आवारांत, लाकडाच्या वखारींत आणि शहरांच्या कोपऱ्यांत कोंबायला सुरुवात झाली. मुंकाच व कश्शा या शहरांत वीटभट्ट्यांच्या छपरांखाली हजारो कुटुंबे राहिली. पाण्याचे नळ मोजके आणि भिंती नाहीत, अशी तेथील स्थिती होती. नाज्वाराद शहरात घेट्टोला, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीला, लागून असलेल्या बियरच्या कारखान्यात ग्रामीण सशस्त्र पोलिसांनी, म्हणजे जेंदार्मांनी, चौकशीच्या खोल्या उघडल्या. लपवलेले सोने कोठे आहे हे कबूल करेपर्यंत तेथे माणसांना, त्यांच्या बायकामुलांसमोर, मारहाण होत असे. लोक त्या जागेला ‘टांकसाळ’ म्हणत.

१५ मे रोजी नियमित गाड्या सुटू लागल्या. पहिल्या टप्प्यात साधारण तीन हजार माणसे असलेल्या चार गाड्या रोज, म्हणजे दिवसाला सुमारे बारा हजार माणसे. मालडब्यात सत्तरएक जण, पिण्याच्या पाण्याची एक बादली आणि विधीसाठी दुसरी. कश्शा येथे हंगेरियन जेंदार्म उतरत आणि जर्मन पहारा चढे. तिकडे व्याप्त पोलंडमधील ऑश्विट्झ-बिर्केनाउ या मृत्यूछावणीत रेल्वेचा फाटा थेट छावणीच्या आत, दहनगृहांच्या जवळपर्यंत वाढवण्यात आला होता, आणि छावणीचा जुना प्रमुख रुडोल्फ ह्योस याला या कामासाठी मुद्दाम परत बोलावले होते. भट्ट्या अपुऱ्या पडू लागल्यावर उघड्यावर खड्डे खणून प्रेते जाळण्यात आली. ९ जुलैपर्यंत १४७ गाड्या गेल्या. जर्मन प्रतिनिधी एडमुंड फेझेनमायर याने बर्लिनला कळवलेला आकडा ४,३७,४०२ असा होता. त्यांतील पंधरा हजारांच्या आसपास माणसे ऑस्ट्रियात मजुरीसाठी गेली आणि उरलेली जवळजवळ सर्व ऑश्विट्झला. तेथे उतरलेल्यांपैकी सुमारे सव्वातीन लाख जणांना पोहोचताच विषवायूच्या खोल्यांत मारण्यात आले. ऑश्विट्झमध्ये एकूण मारल्या गेलेल्या सुमारे दहा लाख ज्यूंपैकी साधारण एक तृतीयांश या एवढ्याशा काळातले आहेत.

उत्तरांची तपासणी

आता सुरुवातीची उत्तरे या घटनाक्रमावर ठेवून पाहू.

संपत्तीचे कारण खोटे नाही. जर्मन आणि हंगेरियन दोन्ही सरकारांनी ज्यूंची मालमत्ता लुटली, तिच्यावरून आपसांत भांडणे केली, आणि युद्धखर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी तिचा उपयोग झाला, यावर काही इतिहासकारांनी बराच भर दिला आहे. मान्फ्रेड वाइस या बड्या उद्योगसमूहाचा ताबा एस.एस. या नाझी निमलष्करी संघटनेने मे १९४४मध्ये करार करून मिळवला आणि मोबदल्यात त्या कुटुंबातील लोकांना पोर्तुगालला जाऊ दिले. पण हे उदाहरण नीट पाहिले तर उलट दिशेला बोट दाखवते. जे खरोखर गडगंज होते, त्यांच्याशी सौदा झाला आणि त्यांचे प्राण वाचले. सर्वांत आधी गाडीत घातले गेले ते कार्पेथियन रुथेनियाचे ज्यू. लाकूडतोडे, गाडीवान, चांभार, शिंपी, देशातील सर्वांत गरीब ज्यू. लूट करण्यासाठी मालकाला मारावेच लागते असेही नाही. होर्तीने उपजीविकेची साधने जिवंत माणसांकडूनच काढून घेतली होती. लोभाने या यंत्रणेला हजारो उत्साही हात मिळवून दिले. गाडी कोठे जायची, हे मात्र लोभाने ठरवले नाही.

मजुरांच्या गरजेचे कारण अधिक विचारात घेण्यासारखे आहे. एप्रिल १९४४मध्ये हिटलरने विमान-कारखान्यांच्या भुयारी कामांसाठी सुमारे एक लाख हंगेरियन ज्यू जर्मनीत आणायला संमती दिली होती. तोवर ‘ज्यूमुक्त’ म्हणून मिरवलेल्या जर्मनीत पुन्हा ज्यू आणणे ही त्या राजवटीच्या दृष्टीने मोठीच माघार होती. बिर्केनाउच्या फलाटावर धडधाकट माणसे वेगळी काढली गेली आणि त्यांतील अनेक जण जर्मनीतील कारखान्यांत पोहोचले, हे यामुळेच. पण गाड्यांत होते कोण? ऐन कमावत्या वयाचे बरेच ज्यू पुरुष आधीच हंगेरियन सैन्याच्या श्रमपथकांत होते, आणि त्या कुप्रसिद्ध पथकांनीच १९४४मध्ये त्यांतील पुष्कळांना ऑश्विट्झपासून वाचवले, हा नियतीचा विचित्र खेळ म्हणावा लागेल. गाड्यांत प्रामुख्याने स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे होती. मजूर हवे असते तर निवड मुंकाचच्या वीटभट्टीवरच करता आली असती आणि निम्म्याहून अधिक डबे वाचले असते.

येथे एका अतिशयोक्तीलाही आवर घातला पाहिजे. ‘सैनिकांच्या गाड्या थांबवून ज्यूंच्या गाड्या सोडल्या’ असे अनेकदा लिहिले जाते. आठ आठवड्यांतील १४७ गाड्या हा जर्मन रेल्वेच्या एकूण वाहतुकीचा अगदी लहान हिस्सा होता, आणि त्यांच्यामुळे आघाडी कोसळली असे म्हणता येत नाही. हत्याकांड राजवटीला स्वस्तात पडले, ही खरी आणि अधिक अस्वस्थ करणारी बाब आहे.

मग कारण कोणते? ते या राजवटीच्या प्रमुखांनी त्याच दिवसांत स्वतः सांगून ठेवले आहे. २४ मे १९४४ रोजी, दररोज चार गाड्या सुटत असताना, एस.एस.चा प्रमुख हाइनरिश हिमलर याने सोंटहोफेन येथे जमलेल्या सेनापतींना सांगितले की मोठी माणसे मारून त्यांची मुले सूड घेण्यासाठी वाढू देण्याचा आपल्याला हक्क आहे असे आपण मानत नाही. त्यानंतर दोनच दिवसांनी, २६ मे रोजी, हिटलर स्वतः बेर्श्तेसगाडनजवळ सेनाधिकाऱ्यांसमोर बोलला. ज्यूंना हटवून आपण जर्मनीत क्रांतीचे केंद्र तयार होण्याची शक्यताच संपवली, आणि हंगेरीतही हा प्रश्न आता सोडवला जाईल, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्याची नोंद आहे.

येथे १९१८ परत येते. त्या वर्षी आपण घरातल्या शत्रूमुळे हरलो, असे ज्याने पक्के मनात धरले आहे, त्याच्या दृष्टीने पुन्हा हरण्याची वेळ आल्यावर त्या शत्रूला संपवण्याची निकड वाढत जाते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की युद्ध हरत असतानाही हे लोक ज्यूंना मारत राहिले. त्यांच्या डोक्यातून पाहिले तर युद्ध हरत होते म्हणूनच ते मारत होते. मॉस्को, लंडन आणि वॉशिंग्टन यांना एकत्र बांधणारा धागा ज्यू आहे, असा त्यांचा विश्वास होता. आणि विमानातून बॉम्ब टाकणाऱ्या शत्रूला गाठता येत नसले, तरी मुंकाचच्या शिंप्याला गाठता येत होते. ‘हिटलर वेडा होता’ हे उत्तर मला येथे सर्वांत निरुपयोगी वाटते, कारण एका खोट्या गृहीतकावर उभा राहिलेला हा तर्क पुढे पायरीपायरीने अगदी सुसंगत चालतो, आणि तो ऐकणारे सेनापती वेडे नव्हते.

ज्यांनी हातभार लावला, त्यांची कारणे

हंगेरियन अधिकाऱ्याला या जागतिक कारस्थानाच्या कल्पनेवर तेवढा विश्वास असण्याची गरज नव्हती. एन्द्रे-बाकींसारखे काही जण श्रद्धेने काम करत होते. लेफ्टनंट कर्नल लास्लो फेरेन्त्सी हा जेंदार्म दलाचा समन्वयक आपल्या नियमित अहवालांत संख्या आणि गाड्या टिपत होता. पण त्यांच्या खाली पसरलेल्या हजारोंपैकी कोणाला बढती हवी होती, कोणाला रिकामे झालेले दुकान. गावातील घर, शेत, दवाखाना किंवा वकिलीचा धंदा अचानक मोकळा होत होता आणि त्यासाठी अर्ज येत होते. प्रादेशिक राष्ट्रवादाचेही एक अंग होते : सीमाभागातील हे यिडिश बोलणारे ज्यू बुडापेस्टच्या भद्र समाजाला आपले वाटतच नव्हते, आणि होर्तीनेही त्यांच्या बाबतीत सुरुवातीला डोळ्यांवर कातडे ओढून घेतले.

याच काळात आइशमानने ज्यू प्रतिनिधी योएल ब्रांट याच्यापुढे दहा हजार मालमोटारींच्या बदल्यात दहा लाख ज्यू सोडण्याचा प्रस्ताव ठेवला होता. ब्रांट तो घेऊन इस्तंबूलला गेला. त्याच्या उत्तराची वाट पाहण्यासाठी एकही गाडी थांबवण्यात आली नाही.

किश्तार्चाची गाडी

एप्रिलमध्ये ऑश्विट्झमधून निसटलेल्या रुडॉल्फ व्रबा आणि आल्फ्रेड वेत्सलर या दोन कैद्यांनी दिलेला तपशीलवार वृत्तांत जूनमध्ये तटस्थ देशांत पोहोचला. पोप, स्वीडनचा राजा आणि अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष यांचे संदेश व इशारे होर्तीकडे आले. मित्रसैन्य नॉर्मंडीत उतरले होते, पूर्वेकडे रशियन फौजांनी जर्मन आघाडी फोडली होती, आणि २ जुलैला बुडापेस्टवर जोरदार बॉम्बहल्ला झाला. त्यातच बाकी आपल्या जेंदार्मांच्या बळावर सत्ता बळकावणार अशी कुणकुण लागली. होर्तीने चिलखती तुकडी राजधानीत आणवून जेंदार्मांना बाहेर घालवले आणि गाड्या थांबवण्याचा हुकूम दिला. ९ जुलैनंतर गाड्या थांबल्या. आइशमान तेथेच होता, जर्मन सैन्य तेथेच होते, बुडापेस्टमध्ये सुमारे दोन लाख ज्यू पिवळ्या ताऱ्याच्या इमारतींत राहत होते. पण हंगेरियन जेंदार्म दाराशी आल्याशिवाय त्यांना फलाटापर्यंत नेणार कोण? मे महिन्यातही हाच हुकूम देता आला असता, ही गोष्ट होर्तीच्या नावावर कायमची लागलेली आहे.

आइशमानने तरीही १४ जुलै रोजी राजधानीजवळच्या किश्तार्चा बंदीछावणीतून सुमारे पंधराशे जणांची एक गाडी भरून काढली. जर्मनांच्या हुकमाने नेमलेल्या ज्यू पुढाऱ्यांच्या मंडळाच्या, म्हणजे ज्यू मंडळाच्या, सदस्यांना ते कळताच त्यांनी धावपळ करून होर्तीपर्यंत निरोप पोहोचवला आणि गाडी वाटेतून परत फिरवली गेली. एका हुकूमशाही राजवटीचा अधिकारी एरवी येथे थांबला असता. सरहद्दीकडे रशियन फौजा सरकत होत्या आणि त्याला करायला इतर कामे होती. त्याने पाच दिवस वाट पाहिली. १९ जुलैला ज्यू मंडळाच्या सदस्यांना चर्चेसाठी म्हणून त्याच्या कार्यालयात बोलावण्यात आले आणि एक दुय्यम अधिकारी त्यांच्याशी दिवसभर बिनकामाचे प्रश्न विचारत बसला. दूरध्वनी त्यांच्यासाठी बंद होता. संध्याकाळी त्यांना सोडले तेव्हा किश्तार्चाहून सुमारे बाराशे जणांना घेऊन निघालेली गाडी त्यांच्या हातून सुटलेली होती. त्या बाराशे जणांत ना मोठी संपत्ती उरली होती, ना कारखान्यांची निकड भागवण्याइतकी संख्या, ना लष्कराला धोका. वान्झेच्या यादीतील अल्बानियाच्या दोनशेंसारखेच तेही एका यादीत होते, एवढेच त्यांच्याबाबत म्हणता येते.

१५ ऑक्टोबर १९४४ रोजी होर्तीने शस्त्रसंधी जाहीर केली, तेव्हा जर्मनांनी त्याला हटवून ‘बाणक्रूस’ या हंगेरियन फॅसिस्ट पक्षाच्या फेरेंत्स सालाशी याच्या हाती सत्ता दिली. मधल्या काळात हंगेरी सोडून गेलेला आइशमान दोन दिवसांत बुडापेस्टला परतला. या वेळी रेल्वेमार्ग उद्ध्वस्त झाले होते आणि गाड्या मिळेनात. ऑश्विट्झचे विषवायूचे कामही बंद पडण्याच्या बेतात होते. मग नोव्हेंबरच्या पावसात बुडापेस्टच्या ज्यू स्त्री-पुरुषांना, ऑस्ट्रियाच्या सरहद्दीवरील हेद्येशहालोमपर्यंत, सुमारे दोनशे किलोमीटर पायी हाकण्यात आले. स्वीडनचा राउल वालेनबर्ग आणि स्वित्झर्लंडचा कार्ल लुत्स या राजनैतिक अधिकाऱ्यांनी वाटेल त्या कागदावर शिक्के मारून जमेल तितक्यांना त्या रांगांतून आणि घरांतून बाहेर काढले. शहरात बाणक्रूसवाले रात्री माणसांना डॅन्यूबच्या काठावर नेऊन गोळ्या घालत होते. १८ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत सैन्य पेस्ट भागातील घेट्टोत शिरले, तेव्हा तेथे सुमारे सत्तर हजार माणसे जिवंत होती आणि गोठलेली प्रेते अंगणांत रचून ठेवलेली होती.